हँडल, किल्ली आणि बटण

शाळामास्तराच्या हातात खडू शोभतो, पाना शोभत नाही, असे आमच्या सौ.चे पहिल्यापासूनचे मत आहे. गेल्या तीस वर्षांत घरातला नळ, मिक्सर, इस्त्री आणि एकदा तर देवघरातली समईसुद्धा 'दुरुस्त' करून मी त्या मताला बळकटीच आणलेली आहे. त्यामुळे या मे महिन्याच्या सुट्टीत मी जेव्हा जाहीर केले की, आपल्या जुन्या मारुतीला रिमोटने सुरू होण्याची सोय मी स्वतःच्या हाताने बसवणार आहे, तेव्हा तिने नुसते माझ्याकडे पाहिले आणि ती आत निघून गेली. बाहेर जाऊन तिने फक्त आईची खुर्ची गाडीपासून दोन हात लांब सरकवली. आई ती पुन्हा जागेवर घेऊन बसली, ही गोष्ट निराळी. त्या खुर्चीबद्दल पुढे सांगायचेच आहे.

हा खटाटोप कशासाठी, ते आधी सांगायला हवे. माझ्या आईचे वय ब्याऐंशी. गेल्या दीड वर्षापासून आठवड्यातून दोनदा तिला डायलिसिसला न्यावे लागते. सकाळी आठला मी तिला इस्पितळात पोहोचवतो, ते चार तास चालते, आणि साडेबाराच्या सुमारास तिला परत आणायचे. बेळगावची हवा थंड म्हणून प्रसिद्ध आहे खरी, पण एप्रिल-मेच्या दुपारी उन्हात उभी असलेली पत्र्याची गाडी काही ती प्रसिद्धी मानत नाही. दार उघडले की आतून भट्टीची धग अंगावर येते. डायलिसिसनंतर माणूस पिळून काढलेल्या फडक्यासारखा होतो. रक्तदाब उतरलेला, पाय लटपटणारे. एकदा त्या तापलेल्या सीटवर बसताना आईला घेरी आली. त्या दिवशी ती काही बोलली नाही, पण घरी येईपर्यंत तिने माझा हात सोडला नाही.

हे सारे मी आमच्या चिरंजीवांना फोनवर सांगितले. ते सध्या कॅनडातल्या विनिपेग गावी नोकरीला आहेत. तिथे हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत जातो. मोटारींच्या तोंडातून विजेची वायर बाहेर लोंबत असते आणि रात्री ती खांबावरच्या प्लगला जोडून इंजिन उबेत ठेवावे लागते, हे त्याने पहिल्या वर्षी सांगितले तेव्हा आम्हाला ती थाप वाटली होती. थंडीने इंजिनातले ऑइल काकवीसारखे दाट होते, बॅटरीचा जीव निम्मा होतो, काचांवर बर्फाचा थर बसतो. म्हणून तिथली माणसे घरात चहा पिता पिताच खिशातले बटण दाबून अंगणातली गाडी सुरू करतात. ती बाहेर पडेतो गाडी आतून उबदार झालेली असते. "बाबा, तिथे थंडीसाठी जे करतात ते आपण उन्हासाठी करू. आजी यायच्या आधी पाच मिनिटे गाडी सुरू करून एसी लावून ठेवायचा," असे तो म्हणाला. पुढच्या भेटीत येताना त्याने ती पेटी आणलीच. साबणाच्या डबीएवढी काळी पेटी, वायरींचा एक मोठा गुंता, दोन रिमोट आणि बारीक अक्षरातली एक पुस्तिका. "हे मात्र जाणकाराकडूनच बसवून घ्या," असे तो जाताना दोनदा म्हणाला.

जाणकार शोधायला मला लांब जावे लागणार नव्हते. वडगावच्या रस्त्याला गाड्यांच्या विजेची कामे करणारे एक दुकान आहे. ते चालवणारा माझाच विद्यार्थी. घरी कानडी, पण गल्लीत मराठी शाळा जवळ म्हणून आमच्या शाळेत घातलेला. नववीत दोनदा नापास झाल्यावर त्याचे वडील दाखला न्यायला आले होते. मी तेव्हा वर्गशिक्षक होतो. सगळ्या शिक्षकांदेखत मी म्हणालो होतो, "याच्या डोक्यात पुस्तक शिरायचे नाही. वायरी-बियरी जोडायला घाला कुठेतरी." शिक्षकांच्या खोलीत हशा पिकला होता. वडील मराठी अर्धेच समजणारे. तेही हसले होते. मुलगा मात्र हसला नव्हता.

या गोष्टीला वीस वर्षे होत आली. त्या दुकानावरून मी रोज जातो. तो हात करतो, मी मान हलवतो. पण गाडीचे काम मात्र मी कधी त्याच्याकडे नेले नाही. का नेले नाही, याचा विचार करण्याचे मी टाळत आलो होतो. या वेळीही टाळला, आणि एम. ए. झालेल्या माणसाला एक पुस्तिका वाचून चार वायरी जोडता येणार नाहीत काय, असे स्वतःलाच विचारून मोकळा झालो.

आणि तसे पाहिले तर आपल्या गावाची परंपराही तीच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावातच सायकलचे दुकान काढले. यंत्रे उघडायची, पाहायची, पुन्हा जोडायची, यातून त्यांचा लोखंडी नांगर झाला आणि १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्यांच्या नावाच्या रस्त्यावरून रोज शाळेत जाणाऱ्या माणसाला थोडा वारा लागायचाच. फक्त ते यंत्र उघडण्याआधी ते नीट पाहत असत, हा फरक मी सोयीस्करपणे विसरलो.

गाडी सुरू करणे या क्रियेशी माझी पहिली ओळख खानापूरला झाली. माझ्या काकांची तिथे एक जुनी ॲम्बॅसडर टॅक्सी होती. खानापूरचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. आषाढात घरातली काडेपेटी पेटत नाही, तिथे गाडीची बॅटरी काय करील! मग काका सीटखालून लोखंडी हँडल काढीत. पुढच्या बंपरमधल्या भोकातून ते आत घालायचे, दात जुळवायचे आणि झटक्यात वर ओढायचे. दोन-तीन झटक्यांत इंजिन खोकून जागे होई.

मी दहा वर्षांचा असेन. मला हँडल मारायची भारी हौस. काकांनी मारू दिले नाही, पण दोन नियम तेवढे शिकवले. पहिला नियम, अंगठा बाहेर. हँडल धरताना चारही बोटे आणि अंगठा एकाच बाजूला ठेवायचे, मूठ वळायची नाही. इंजिन कधी उलटा झटका देते, त्या वेळी मूठ वळलेली असली तर हँडल अंगठा आणि मनगट घेऊनच फिरते. काकांचे स्वतःचे उजवे मनगट त्यामुळे एकदा मोडले होते आणि पावसाळ्यात ते दुखे. दुसरा नियम, हँडलला हात लावण्याआधी दार उघडून आत वाकायचे आणि गिअरचा दांडा डावी-उजवीकडे हलवून पाहायचा. सैल हलला तर न्यूट्रल. अडला तर गाडी गिअरमध्ये आहे. "गिअरमधली गाडी सुरू झाली की ती काय तुला ओळखणार आहे? सरळ अंगावर येते," काका म्हणत. कितीही घाई असो, पाऊस असो, गिऱ्हाईक ओरडत असो, काका आधी आत वाकून दांडा हलवीत आणि मगच पुढे जात. देवळात शिरताना घंटा वाजवावी, तसे.

माणसाला त्या हँडलपासून सोडवले ते चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनियरने. हा मनुष्य आधी दुकानातल्या गल्ल्याचे यंत्र बनवणाऱ्या कारखान्यात होता. हाताने दांडा फिरवून उघडणाऱ्या त्या गल्ल्याला त्याने छोटी विजेची मोटर बसवली. थोडाच वेळ चालायचे, पण तेवढ्या वेळात जोर भरपूर लावायचा, हे त्या मोटरचे काम. हीच कल्पना त्याने मोटारगाडीला लावली आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाडीला विजेचा स्टार्टर आला. हँडल मारायला लागणारे दंडातले बळ गेले आणि त्याच्या जागी बोटातले बळ पुरेसे झाले. आज आपण किल्ली फिरवतो तेव्हा किल्लीतून जाणारा प्रवाह अगदी थोडा असतो. तो एका रिलेला किंवा सोलेनॉइडला फक्त इशारा करतो, आणि जाड वायरीतून शंभराच्या वर अँपिअर प्रवाह स्टार्टरकडे धावतो. शिपायाने घंटा वाजवावी आणि पाचशे मुले उठावीत, तसा हा प्रकार.

रिमोटची पेटी तरी दुसरे काय करते? किल्लीच्या मागे चार मुख्य वायरी असतात. एक थेट बॅटरीची, एक रेडिओ-पंखा वगैरेंची, एक इग्निशनची आणि एक स्टार्टरची. किल्ली फिरते तशा या वायरी क्रमाने एकमेकींना जोडल्या जातात. स्टार्टर फिरत असताना रेडिओ-पंख्याची वायर क्षणभर तोडली जाते, म्हणजे बॅटरीचा सगळा जोर एका कामाला लागतो. काळ्या पेटीतले रिले हेच नाटक किल्लीशिवाय करतात. इंजिन सुरू झाले हे तिला कळते ते बॅटरीच्या दाबावरून. एरवी साडेबारा व्होल्टच्या आसपास असलेला दाब स्टार्टर फिरताना खाली जातो आणि इंजिन लागून चार्जिंग सुरू झाले की चौदाच्या घरात जातो. चौदा दिसले की पेटी स्टार्टर सोडून देते. नाही दिसले तर थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करते. हे शेवटचे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. मी ठेवले नव्हते.

नव्या गाड्यांच्या किल्लीत चिप असते, ती ओळखल्याशिवाय इंजिन लागत नाही. आमची गाडी जुनी, किल्ली निव्वळ लोखंडाची, म्हणून ती एक अडचण नव्हती. एका रविवारी सकाळी दहाचा पाना घेऊन आधी बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडवले. स्टिअरिंगखालचे झाकण काढले. सीटवर उताणे पडून, पाय दाराबाहेर आणि डोके पेडलांच्या वर, अशा अवस्थेत मुख्याध्यापकांना पाहायला गल्लीतली मुले जमली. त्यांतली चार तरी माझ्या शाळेतली होती. प्रत्येक वायरीला चिठ्ठी लावली. पुन्हा बॅटरी जोडून, किल्ली एकेक खण फिरवून टेस्ट लॅम्पने कोणती वायर कधी जिवंत होते ते वहीत टिपले. मग बॅटरी पुन्हा सोडवली, वायरी सोलल्या, सोल्डर मारले, टेप गुंडाळली. ब्रेकची वायर जोडली, म्हणजे पेडल दाबताच रिमोटने लागलेले इंजिन बंद पडावे. बॉनेटखाली एक खटका बसवला, म्हणजे बॉनेट उघडे असताना गाडी सुरूच होऊ नये. हे सगळे मी नीट केले, असे अजूनही म्हणतो.

राहिली एक वायर. तिच्यासमोर पुस्तिकेत लिहिले होते की, ऑटोमॅटिक गाडीत ही न्यूट्रलच्या स्विचला जोडावी. तिकडच्या बहुतेक गाड्या ऑटोमॅटिक. गिअरची गाडी असेल तर काय करावे ते वेगळ्या पानावर, जाड काळ्या चौकटीत होते. पेटीवरचा एक वायरीचा फास कापायचा, की पेटी 'गिअरची गाडी' म्हणून वागू लागते. मग गाडी थांबवताना दर वेळी एक विधी करावा लागतो. इंजिन चालू ठेवून, न्यूट्रल करून हँडब्रेक ओढायचा, रिमोटचे बटण दाबायचे, किल्ली काढायची, खाली उतरायचे, दारे लावायची आणि मग रिमोटनेच इंजिन बंद करायचे. इंजिन चालू असताना चालक बाहेर आला, म्हणजे गाडी गिअरमध्ये नाही, याची ती खात्री. त्यानंतर एकही दार उघडले की परवानगी रद्द. विचारपूर्वक बनवलेली युक्ती आहे. पण त्यासाठी चारही दारांचे खटके चालू हवेत. आमच्या गाडीतल्या चारांपैकी तीन खटके गंजून मेलेले. दार उघडल्यावर आतला दिवा लागून कित्येक वर्षे झाली होती.

त्या पानावर मी पेन्सिलीने बरोबरची खूण केली. वर्गात मुलांनी प्रश्न न वाचता उत्तर लिहिले की मी जिथे लाल शाईने गोल काढतो, तिथेच मी खूण केली आणि पुढे गेलो. फास कापला नाही. ती न्यूट्रलची वायर सरळ बॉडीला अर्थ केली. म्हणजे पेटीला कायमचे सांगून टाकले की, गाडी न्यूट्रल आहे. मनाशी म्हटले, मी स्वतः दर वेळी न्यूट्रल ठेवीन. दुसरे कोण चालवणार आहे?

पहिल्याच दाबाला गाडी सुरू झाली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. सौ.ने बाहेर येऊन "बरंय" म्हटले, आणि आमच्या संसारात हे प्रशस्तिपत्र दुर्मीळ आहे. पुढे दहा-बारा दिवस सगळे सुरळीत चालले. डायलिसिसच्या दुपारी मी इस्पितळाच्या व्हरांड्यातून बटण दाबी आणि पाच मिनिटांनी आईला गार गाडीत बसवी. आई एकदा म्हणाली, "आत कुणी नसताना ती घुरघुरते, ते मला बरं वाटत नाही रे." मी हसण्यावारी नेले.

आमच्या अंगणाला घराकडे उतार आहे. गाडी नाक घराकडे करून उभी राहते. तिच्यापुढे सात-आठ फुटांवर तुळशीचा कट्टा, आणि त्या दोहोंच्या मध्ये सकाळचे कोवळे ऊन येते तिथे आईची प्लॅस्टिकची खुर्ची. हँडब्रेकची केबल सैल झालेली, म्हणून उतारावर गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवायची, ही माझी कित्येक वर्षांची सवय. ते बारा दिवस मी चाकाला दगड लावून न्यूट्रल ठेवीत होतो. तेराव्या दिवशी संध्याकाळी वळवाचा पाऊस कोसळला. गारा पडत होत्या. मी गाडी आत घेतली, सवयीने हात गिअरवर गेला, आणि डोक्यावर पिशवी धरून घरात पळालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला आईला न्यायचे होते. मी ओसरीत बूट चढवीत होतो. आई खुर्चीवर बसलेली मी दहा मिनिटांपूर्वी पाहिली होती. गाडीकडे न पाहताच मी खिशातले बटण दाबले.

आवाज आला तो इंजिनाचा नव्हता. गाडीने बैलासारखी मुसंडी मारली. स्टार्टरनेच ती पुढे ओढली, मग इंजिन लागले आणि ती तशीच पुढे गेली. खुर्ची तिच्या नाकाखाली गेली. प्लॅस्टिक फुटल्याचा कडाड आवाज मला अजून ऐकू येतो. तुळशीच्या कट्ट्याला धडकून इंजिन बंद पडले. मी जागच्या जागी उभा. आणि तेवढ्यात, इंजिन लागले नाही असे समजून त्या पेटीने दुसऱ्यांदा प्रयत्न केला. गाडी पुन्हा कट्ट्याला रेटू लागली. सौ. आतून ओरडली, "ते बटण दाबा आधी!" रिमोट माझ्याच हातात आहे, याचेही मला भान नव्हते.

आई खुर्चीत नव्हती. विनिपेगहून नातवाचा फोन आला म्हणून सौ.ने तिला दोन मिनिटांपूर्वीच आत बोलावले होते. फोनमध्ये त्याचा चेहरा दिसत होता. त्याने आवाज ऐकला होता. "बाबा, आजी कुठाय?" एवढेच तो विचारीत होता. आई त्याच्या समोरच होती, तरी तो तेच विचारीत राहिला.

त्या दिवशी आम्ही रिक्षाने इस्पितळात गेलो. आईला आत सोडून मी तसाच वडगावच्या रस्त्याला गेलो. तो एका ट्रकच्या बॅटरीवर वाकला होता. मला पाहून हात पुसत उठला. "सर, तुमी कशाला आलासा? फोन केला असता तर मीच आलो असतो की." मी झाले ते सांगितले. त्याने पहिलाच प्रश्न कानडीतून विचारला. घाबरल्यावर माणसाच्या तोंडी घरचीच भाषा येते. "न्यूट्रल इत्तेन्री, सर?" मग माझ्यासाठी मराठीत, "न्यूट्रल होती काय गाडी?"

"इल्लप्पा," मी म्हणालो. नाही म्हणायला त्या वेळी मलाही कानडीच सापडली.

तो घरी आला. माझ्यासारखाच उताणा पडून अर्धा तास त्याने सगळे पाहिले. "सोल्डर चांगलं केलायसा," तो म्हणाला. मग ती अर्थ केलेली वायर दोन बोटांत धरून थोडा वेळ गप्प बसला. विचारले नाही, रागावला नाही. शिक्षकाने केलेली चूक विद्यार्थ्याने पाहावी आणि काही बोलू नये, यासारखी शिक्षा नाही. मीच म्हणालो, "पुस्तकात लिहिलं होतं. मी वाचूनसुद्धा केलं नाही."

"दाराचे खटके मी नवे घालतो," तो म्हणाला. "हँडब्रेकची केबल शेजारच्या मेस्त्रीकडं बदलून घेऊ. ते झाल्यावर हे पायजे तर नीट जोडून देतो. पण सर, एक सांगू? आजींना हाताला धरून गाडीत बसवायला माणूस लागतोयच की. तो माणूसच पाच मिनिटं आधी येऊन गाडीत बसला तर?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. पुढे मी कायदाही काढून वाचला. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२६ मध्ये स्पष्ट आहे की, सार्वजनिक जागी गाडी उभी करताना एक तर परवानाधारक माणूस चालकाच्या जागेवर हवा, नाही तर इंजिन बंद करून ब्रेक लावलेला हवा, किंवा चालक नसताना गाडी आपोआप हलणार नाही याची दुसरी तजवीज हवी. ब्रेक सैल, गाडी गिअरची, आणि ती तजवीज मीच एका वायरीने मोडून ठेवलेली. म्हणजे इस्पितळाच्या आवारात बारा दिवस मी जे कौतुकाने करीत होतो, ते दैवाच्या भरवशावर चालले होते. बंदिस्त गॅरेजात अशी गाडी चुकून सुरू राहिली तर धुरातला विषारी वायू घरात शिरतो, हेही पुस्तिकेत होते. तेही त्याच चौकटीत होते.

काम झाल्यावर मी पैसे विचारले. त्याने हिशेब करून खटक्यांचे आणि मजुरीचे मिळून सांगितले आणि मी दिलेले मोजून घेतले. त्याने ते घेतले याचे मला बरे वाटले. नको म्हणाला असता तर मी आणखी लहान झालो असतो. जाता जाता मी वीस वर्षांपूर्वीचा विषय काढला. शब्द जुळत नव्हते. तो हसून म्हणाला, "तुमीच सांगितलासा की सर, वायरी जोडायला घाला म्हणून. बाबांनी घातलं." त्यात टोमणा होता की नव्हता, मला अजून कळलेले नाही. मी बऱ्याच वेळा त्या वाक्याची उलटतपासणी केली आहे. तो स्कूटरला किक मारून निघून गेला.

त्यानंतर एक विचार मात्र मनातून जात नाही. काका हँडल मारण्याआधी गिअर तपासायचे, कारण गाडीपुढे ते स्वतः उभे असत. चूक झाली तर गाडी त्यांच्याच अंगावर येणार होती. किल्ली आली तेव्हा माणूस गाडीच्या आत बसला. निदान डोळ्यांसमोर काय आहे ते त्याला दिसत होते. बटण आले आणि माणूस ओसरीत बूट घालीत बसला. गाडीपुढे मात्र कुणीतरी असतेच, फक्त तो बटण दाबणारा नसतो. शिक्षकांच्या खोलीत बसून मी एक वाक्य बोललो, तेही असेच. ते कुणाच्या अंगावर जाते आहे, हे पाहायची मला गरज वाटली नव्हती. आता दाखल्यावर प्रगतीचा रकाना भरताना, तो मुलगा समोर उभा असेल तर काय लिहीन, एवढे मी स्वतःला विचारतो. लेखणी थोडी सावकाश चालते, आणि कारकुनाला ते आवडत नाही.

ती काळी पेटी आता आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत आहे. विज्ञानाच्या शिक्षकांनी ती एका फळीवर बसवून तिला बॅटरी आणि छोटे दिवे जोडले आहेत. मुले बटण दाबतात, दिवे क्रमाने लागतात. स्टार्टरच्या जागचा दिवा लागून विझतो, पुन्हा लागतो, इंजिन काही लागत नाही, आणि शेवटी पेटी दमून गप्प बसते. मुलांना यात फार गंमत वाटते. रिले शिकवायला याहून चांगले साधन नाही.

आईसाठी नवी खुर्ची आणली. ती पुन्हा त्याच जागी ठेवायचा तिचा हट्ट आहे, कारण ऊन तिथेच येते. म्हणून गाडीच आता फाटकाबाहेर, सपाट जागेवर उभी असते. डायलिसिसच्या दिवशी मी बाराला शाळेतून निघतो, चारही काचा खाली करतो, गाडी झाडाच्या सावलीत आणून आत बसून राहतो. परीक्षेचे पेपर सोबत असतात. आई येते तोवर सीट निवलेली असते. ती बसली की मी चावी लावण्याआधी गिअरचा दांडा डावी-उजवीकडे हलवून पाहतो. चालकाच्या जागेवर मी स्वतः बसलेला असताना याची तशी गरज नाही. आई रोज पाहते, आणि तिने अजून एकदाही कारण विचारलेले नाही.